फ्रेंचच्या तासाची कोथिंबीर

माझ्या खांद्याला कायम दोन पिशव्या असतात आणि शुक्रवारी त्यातल्या एकीतून मेथी डोकावत असते. बिबवेवाडीच्या रस्त्यावर मला पाहणाऱ्याला वाटतं, बाई भाजी घेऊन घरी निघाल्या. प्रत्यक्षात मी भाजी घेऊन शाळेत निघालेली असते. मी आठवी ते दहावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते. सगळी शाळा मला ‘मादाम’ म्हणते, फाटकावरचे मामा ‘मादामबाई’ म्हणतात, आणि दोन्ही हाकांना मी सारख्याच खुशीने ओ देते.

आमच्या शाळेत आठवीपासून एक जादा भाषा निवडावी लागते: संस्कृत, जर्मन किंवा फ्रेंच. भाषेच्या तासाची घंटा झाली की वर्ग फुटतो आणि मुलं दप्तरं उचलून तीन वाटांनी पांगतात. संस्कृतचा घोळका सगळ्यात मोठा, म्हणून वर्ग त्यांचा. जर्मनवाले शेजारच्या वर्गात बसतात. फ्रेंचला उरेल ती जागा मिळते. कधी वाचनालयाचा कोपरा, कधी चित्रकलेची खोली, आणि बहुतेक वेळा जीवशास्त्राची प्रयोगशाळा. त्या प्रयोगशाळेत काचेचं दार असलेलं एक उंच कपाट आहे आणि त्यात एक सांगाडा उभा असतो. बाकीचे खण रिकामे. माझी चित्रं, पुठ्ठ्याचं घड्याळ, मोज्यांच्या बाहुल्या, कागदी युरो, हे सगळं मी वर्षानुवर्षं खांद्यावरून वाहत होते आणि एका सांगाड्याला मात्र अख्खं कपाट होतं, याचा मला मनापासून राग यायचा.

दर जूनमध्ये मी मुख्याध्यापिकाबाईंकडे कपाट मागायचे. आमच्या बाई कमी बोलतात आणि जे बोलतात ते माणूस घरी जाऊन पुन्हा पुन्हा आठवत बसतो. त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, “अहो, कपाट काय मागता, आधी मुलं मिळवा.” मग मी पिशव्या उचलून बाहेर यायचे.

मुलं मिळवणं सोपं नव्हतं. संस्कृतला मार्क मिळतात, जर्मनने म्हणे नोकरी मिळते, आणि फ्रेंचने काय मिळतं, हे पालक मला विचारतात. त्याआधी हटकून एक प्रश्न येतो, तुम्ही पॅरिसला जाऊन आलात का? मी गेलेली नाही. दक्षिणेला कात्रजचा घाट ओलांडून माहेरी जाते, तेवढाच माझा प्रवास. मी फ्रेंच पुण्यातच शिकले, पुण्यातच परीक्षा दिल्या आणि पुण्यातच शिकवते. संस्कृतच्या बाईंना कुणी विचारत नाही की तुम्ही गुप्तकाळात जाऊन आलात का. पण हे मी पालकांना अजून तोंडावर म्हटलेलं नाही.

आमच्या पाठ्यपुस्तकातलं कुटुंब सदानकदा सहलीला जातं आणि चीज खातं. ते मेट्रोतून उतरतात, पुलावर उभे राहतात, पाऊस आला तरी एकमेकांवर चिडत नाहीत. सुरुवातीची काही वर्षं मी हे सगळं इमानेइतबारे शिकवलं. मुलंही पाठ करून दाखवायची, पण त्यांच्या डोळ्यांत काही हलायचं नाही. मग मी पुस्तक बाजूला ठेवून आसपासचं उचलायला लागले.

आकडे शिकवायला मी खडकवासला धरण घेतलं. पावसाळ्यात पुण्यातल्या घराघरांत सकाळी पेपर उघडून धरण किती टक्के भरलं ते बघतात, मग आमच्या तासालाही हजेरीआधी तेच. रोज एकाने फ्रेंचमध्ये टक्के सांगायचे. साठपर्यंत सगळे हात वर करायचे. सत्तरच्या पुढे हात खाली यायचे, कारण फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ आणि दहा, ऐंशी म्हणजे चार वेळा वीस. एवढी उठाठेव कोण करणार, असं बहुतेकांचं मत पडलं. तेव्हा कात्रजच्या पलीकडच्या एका गावातून येणारा मुलगा सहज म्हणाला, “आमच्याकडं म्हातारी माणसं आंबं असंच मोजत्यात की. चार इसा, पाच इसा.” झालं. त्या दिवसापासून धरण चार विसांच्या वर गेलं तरी वर्ग डगमगला नाही. रस्ता सांगायलाही आम्ही पॅरिसचा नकाशा सोडला आणि शाळेपासून आपापल्या घरापर्यंतचा रस्ता घेतला. निम्म्या मुलांच्या उत्तराचा शेवट ‘मग कुणालाही विचारा’ असा व्हायचा, तोही फ्रेंचमध्ये, आणि मी त्याचे पूर्ण मार्क द्यायचे.

पण आमची खरी मजा शुक्रवारच्या बाजाराची. सकाळी येताना मी भाजी घ्यायची, प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडायची, काही मुलांनी विकायची आणि बाकीच्यांनी घ्यायची. पुस्तकात बाजाराचा एक संवाद होता. बाई येते, नमस्कार म्हणते, गाजरं मागते, किंमत ऐकते, देते, धन्यवाद म्हणते, निघून जाते. भाव करत नाही, गाजर उलटंपालटं करून बघतसुद्धा नाही.

गेल्या वर्षीच्या आठवीत एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं इथेच मसाल्याचं दुकान आहे. मुसलमान घर, चार पिढ्या पुण्यात व्यापार, आणि सुट्टीच्या दिवशी ही मुलगी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसते. आवाज खणखणीत. पहिल्या बाजाराच्या दिवशी ती गिऱ्हाईक झाली होती. पुस्तकातला संवाद तिने अगदी बरोबर म्हटला, गाजरं पिशवीत घातली, आणि मग पिशवीचं तोंड तसंच उघडं धरून उभी राहिली. मी म्हटलं, झालं की तुझं, बस आता.

“पण मादाम, कोथिंबीर?” ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की संवादात कोथिंबीर नाही. तिने पुस्तक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला त्या परदेशी बाईची खरंच दया आली. “म्हणजे ती बाई एवढी भाजी घेऊन तशीच घरी जाते?”

 खरं सांगायचं तर मीही तशी घरी गेले नसते. भाजी घेतल्यावर वर मूठभर कोथिंबीर, दोन मिरच्या, कढीपत्त्याची काडी मागायची आणि भाजीवालीने परवडत नाही म्हणत म्हणत ती घालायची, याशिवाय खरेदी पुरी होते कुठे? मी फळ्यावर लिहिलं, ‘ए ला कोरिआँद्र?’ आणि कोथिंबीर? वर्गाने ते एका दमात उचललं. पुढच्या शुक्रवारी त्यांना ‘फार महाग आहे’ हवं होतं, त्यापुढच्या वेळी ‘शेजारी स्वस्त मिळतं’, मग ‘हात लावू नका’, मग ‘घ्यायचं असेल तर घ्या’. पुण्याचं दुकान चालवायला जेवढी भाषा लागते तेवढी सगळी आम्ही दिवाळीपर्यंत फ्रेंचमध्ये उभी केली. जी मुलं पुस्तकातलं एक वाक्य अडखळत वाचायची ती वांग्यांवरून सलग भांडायला लागली.

आणि कोथिंबीर हा आमच्या वर्गाचा शब्दच होऊन बसला. जे काही वरून, फुकट, हक्काने मागायचं ते सगळं कोरिआँद्र. गृहपाठाला एक दिवस जास्त हवा, ए ला कोरिआँद्र? खेळाची आणखी एक फेरी हवी, ए ला कोरिआँद्र? मी भाजीवालीसारखीच आधी नाही म्हणायचे आणि मग द्यायचे.

एका शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाई प्रयोगशाळेवरून जाता जाता दारात थांबल्या. टेबलावर मेथी, मुळे, वांगी, आणि मागे काचेआड सांगाडा.  वर्ग चाललाय की बाजार, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, दोन्ही. बाईंनी हवा हुंगली. “वास फक्त बाजाराचा येतोय,” म्हणाल्या आणि गेल्या. पुढे मात्र माझ्या लक्षात आलं की त्यांची फेरी शुक्रवारी नेमकी त्याच वेळी आमच्या मजल्यावरून जाते.

जानेवारीत त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, गोलगोलही बोलल्या नाहीत. सातवीचे पालक पुढच्या महिन्यात भाषा निवडणार होते. गेली काही वर्षं फ्रेंचची संख्या घसरतच होती. यंदा एक पूर्ण तुकडी भरली नाही तर नवीन मुलं घ्यायची नाहीत, असं व्यवस्थापनाने ठरवलं होतं. जुन्या मुलांना शिकवायला आठवड्यातून दोनदा बाहेरून कुणीतरी येईल. माझी नेमणूक वर्षावर्षाची, म्हणजे मला जूनमध्ये यायचं कारण उरणार नव्हतं. “पालकांच्या सभेत तिन्ही भाषांना थोडा थोडा वेळ आहे,” बाई म्हणाल्या. “काहीतरी फ्रेंच दाखवा.”

 मला दुसरं काही येत नाही असं नाही, भाषांतरं करून घर चाललं असतं. पण मला हे पाहिजे होतं. वांगी घेऊन जिना चढणं, ‘बोंजूर मादाम’चा गलका, धरणाचे टक्के, हे माझं होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं.

काहीतरी फ्रेंच म्हणजे काय, यावर मी बराच विचार केला आणि कॅफे ठरवला. पालकांना पॅरिस हवं असतं, त्यांना मुळे दाखवून कसं चालेल? लाल चौकड्यांची टेबलक्लॉथं, पुठ्ठ्याचा उंच मनोरा, काउंटरवर टोपलीत चंद्रकोरीसारखे वाकडे, पापुद्र्यांचे क्रोसाँ, आणि मुलांचे मंजुळ संवाद. मुलांनी तोंडं वाकडी केली. त्यांना बाजार करायचा होता. मी ऐकलं नाही. मसालेवाल्यांच्या मुलीला काउंटरवर उभं केलं, कारण सभागृहात मागपर्यंत आवाज तिचाच पोचला असता, आणि मग तीन आठवडे तिला तो आवाज खाली आणायला शिकवलं. ‘आपल्याला काय आवडेल?’ हे ती इतकं हळू म्हणायला लागली की मला तिच्या तब्येतीची काळजी वाटली.

क्रोसाँ मी सातारा रस्त्याजवळच्या एका बेकरीत सांगून ठेवले होते. मालकांना दोनदा विचारलं, मिळतील ना? मिळतील की, म्हणाले. सभेच्या सकाळी डबे उघडले तर आत खारी. एका डब्यात नानकटाई. मी त्यांना म्हटलं, अहो, हे काय? त्यांनी शांतपणे डब्याकडे पाहिलं. “तेच आहे ते. तिकडे वाकडी करतात, आम्ही सरळ ठेवतो.” वाद घालायला वेळ नव्हता. मी खारी घेऊन शाळेत आले.

संस्कृतच्या मुलांनी सुंदर श्लोक म्हटले आणि टाळ्या घेतल्या. जर्मनवाल्यांनी पडद्यावर मोठमोठे कारखाने दाखवले, वडीलमंडळी पुढे सरकून बसली. मग आमचा कॅफे उघडला. मुलं आली, बसली, खारी मागितली, धन्यवाद म्हणाली. सगळं बिनचूक होतं आणि सभागृह जांभया देत होतं. पहिल्या रांगेतला एक माणूस मोबाइल बघत होता. मी पडद्याआड उभी राहून पाहत होते, आणि माझी नोकरी माझ्या डोळ्यांसमोर अदबीने धन्यवाद म्हणत निघून चालली होती.

ठरल्याप्रमाणे शेवटी प्रेक्षकांतून एक गिऱ्हाईक बोलवायचं होतं. तो मोबाइलवाला माणूसच कुणीतरी पुढे ढकलला. सातवीतल्या कुणाचे तरी वडील, चेहऱ्यावर सक्तीचं हसू. त्यांनी टोपलीकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, केवढ्याला? मुलीने मंजुळ आवाजात फ्रेंचमध्ये किंमत सांगितली आणि बोटांनी दाखवली. गृहस्थांनी मान हलवली. एक बोट खाली करा, असं खुणेने सांगितलं, गंमत म्हणून.

तिने त्यांच्याकडे बघितलं. तीन आठवड्यांची माझी मेहनत त्या क्षणी संपली. तिने पदर खोचावा तसं एप्रन आवळलं आणि तिच्या मूळ आवाजात, शेवटच्या रांगेतल्या पंख्याखाली पोचेल असं सुनावलं की शेजारी स्वस्त मिळतं, तिकडे जा. फ्रेंच कुणालाच येत नव्हतं, पण तिने हाताने दाखवलेली शेजारची दिशा सगळ्यांना कळली. हशा पिकला. गृहस्थांनीही बाह्या सरसावल्या. त्यांनी भाव पाडला, तिने नाकारला, आणि टेबलांवर अदबीने बसलेली माझी कॅफेतली गिऱ्हाइकं उठली आणि काउंटरला भिडली. ‘से त्रो शेर’, फार महाग, असा गिल्ला सुरू झाला. कुणी खारी शिळी आहे म्हणालं, कुणी कालच्यापेक्षा लहान आहे म्हणालं. चौकड्यांचं टेबलक्लॉथ खाली पडलं. मनोरा कलला.

आणि मुख्याध्यापिकाबाई उठल्या. त्या पाहुण्यांच्या खुर्चीतून उठून सरळ काउंटरकडे चालत आल्या तेव्हा मला वाटलं, संपलं. मुलं बाजूला झाली. बाईंनी टोपलीतली एक खारी उचलली आणि भेंडीचं टोक मोडून बघतात तशी तिचं टोक मोडून बघितलं.

“ने तुशे पा, मादाम,” मुलगी म्हणाली. हात लावू नका.

सभागृहात असा हशा उठला की बाहेरचे मामा आत डोकावले. बाईंचा चेहरा मुळीच हलला नाही. त्या मराठीत बोलत राहिल्या, मुलगी फ्रेंचमध्ये उत्तरं देत राहिली, आणि दोघींपैकी कुणीही मागे हटेना. समोर बसलेल्या आया प्रत्येक वाक्यावर माना डोलावत होत्या, जणू जन्मभर फ्रेंच ऐकत आल्या आहेत. शेवटी कुठेतरी मध्यावर सौदा पटला. मुलीने खारी कागदात गुंडाळली, बाईंनी कागदी युरो मोजून दिले, पुडी पर्समध्ये ठेवली. पण त्या जाईनात. पर्सचं तोंड उघडं धरून तिथेच उभ्या राहिल्या आणि स्वच्छ, ठणठणीत उच्चारात म्हणाल्या,

“ए ला कोरिआँद्र?”

माझी आठवी ओरडली म्हणजे अक्षरशः ओरडली. इतक्या शुक्रवारांत दाराबाहेरून त्यांनी ते पाठ केलं होतं. मुलीने रीतसर कपाळाला हात लावला, परवडत नाही म्हणाली, आणि मग एक नानकटाई काढून त्यांच्या पर्समध्ये टाकली. मी पडद्याआड हसत होते आणि माझे डोळे पुसत होते. त्या घडीला मला वाटलं, फ्रेंच बंद झालं तरी चालेल, हे एवढं पाहिलं ना.

चालणार अर्थातच नव्हतं. पुढचे काही दिवस मला धड झोप नव्हती. पालक जाता जाता हसून गेले होते, पण हसणं वेगळं आणि मुलाची भाषा ठरवणं वेगळं. मी कुणाला विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. शुक्रवारी नेहमीप्रमाणे मेथी घेतली. फाटकावरच्या मामांनी सांगितलं, मादामबाई, आत बोलावलंय.

बाई काहीतरी लिहीत होत्या. मला बसायला सांगितलं नाही, म्हणून मी दोन्ही पिशव्यांसकट उभीच राहिले. त्यांनी लिहिणं पुरं केलं, पेन मिटलं आणि म्हणाल्या, “एक तुकडी म्हटलं होतं मी. दोन भरल्यात. दोन्ही घ्याल ना?”

 पण इतकी वर्षं या खोलीतून रिकाम्या हाताने परतलेली मी, त्या दिवशी नुसतं हो म्हणून निघायला तयार होईना. मी भाजीची पिशवी टेबलाच्या कडेशी आणली आणि तिचं तोंड उघडलं.

“घेते,” मी म्हटलं. “ए ला कोरिआँद्र?”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं. परवडत नाही, असं त्या मराठीत म्हणाल्या, आणि खण उघडून एक किल्ली काढून मेथीच्या जुडीवर ठेवली.

“प्रयोगशाळेतलं कपाट. सांगाडा हलवायचा नाही, तो तुमच्या आधीपासून आहे,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा पेन उघडलं. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, “आणि त्यात मेथी ठेवायची नाही.”